कोण राहिलंय जेवायचं?

आईपुढे पान वाढलं की ती पानाकडे बघत नाही, दाराकडे बघते. हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं. तोपर्यंत मी आपला समजत होतो की भूक नसेल, भाजी आवडली नसेल, कवळी टोचत असेल, नाहीतर मग आजार पुढे सरकला असेल. आजार पुढे सरकला हे एक बरं असतं, कशालाही चिकटवता येतं आणि एकदा चिकटवलं की आपण सुटलो.

आई आता पंच्याऐंशीची आहे. २०१७ साली अल्झायमरचं निदान झालं, त्याआधीची दोनेक वर्षं आम्ही ‘वय झालं’ या खात्यात टाकली होती. चिपळूणहून गुहागरकडे जाताना आमचं गाव लागतं, तिथलं घर बंद करून तिला डोंबिवलीला आणलं तेव्हा ती मला नावाने हाक मारत होती, आमटीला फोडणी स्वतः देत होती, फक्त फोडणी कधीकधी दोनदा पडायची. आता मला ‘भाऊजी’ म्हणते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे काका, तिचे दीर, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. मी दिसायला काकांवर गेलोय असं सगळे म्हणतातच, त्यामुळे तिचं तसं फार चुकत नाही. पण आधी ‘अरे’ म्हणणारी आई आता ‘अहो’ म्हणते, आणि सख्ख्या आईकडून ‘तुम्ही’ ऐकणं इतकं विचित्र वाटतं की सुरुवातीला मी दर वेळी ‘आई, मी आहे गं’ असं करायचो. आता नाही करत. भाऊजी तर भाऊजी.

मी बँकेत होतो, २०२१ ला व्हीआरएस घेतली. बायको शाळेत शिकवते, तिची अजून चार वर्षं आहेत. दिवसा ब्युरोकडून एक मावशी येतात, आंघोळ, वेणीफणी, डायपर सगळं त्या बघतात, पण दोन्ही वेळचं जेवण मीच देतो. एका जेवणाला पन्नास मिनिटं लागतात, कधी सव्वा तास, आणि त्यात तिने खाल्लेलं मोजलं तर वाटीभर मऊ भात. आयुष्यातली पहिली त्रेपन्न वर्षं मी कुणालाही वाढलेलं नव्हतं हेही सांगून टाकतो. पाणीसुद्धा नाही. आमच्याकडे बाप्ये पाटावर बसायचे आणि पान समोर यायचं, ते कुठून येतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. तर असा माणूस आता मेतकूट किती घालायचं यावर बायकोशी वाद घालतो.

पहिला मोठा सीन झाला तो शेजारणीसमोर. आई जिन्यात जाऊन उभी राहिली आणि समोरच्या काकूंना म्हणाली, ‘दोन दिवस झाले, मला ह्यांनी जेवायला घातलं नाहीये.’ अर्ध्या तासापूर्वी ती माझ्या बायकोच्या हातचं पोटभर जेवून उठली होती, पदराला आमटीचा डाग होता. काकू समजूतदार, पण त्यांची नजर बायकोकडे गेलीच, क्षणभर गेली. बायको तेव्हा काही बोलली नाही, रात्री भांडी घासताना मात्र बराच वेळ नळ चालू ठेवून उभी होती. सासूला उपाशी ठेवते हा आपल्याकडे सुनेवरचा सगळ्यात जुना आळ, आणि तो असा फुकट पदरात पडला.

मग मी वाचायला लागलो, कारण मला वाचून कळतं असं मला वाटतं. एका प्रयोगाबद्दल वाचलं, १९९८ साली छापलेला. वेगळ्याच कारणाने स्मृती गेलेले दोन पेशंट, त्यांना जेवण दिलं, ताट उचललं, आणि दहा ते तीस मिनिटांनी परत तेच जेवण पुढे ठेवलं. दोघे परत जेवले, आणि बऱ्याचदा तिसऱ्यांदाही जेवायला बसले. आपलं पोट भरल्याचं आपल्याला पोट सांगतं असं आपण धरून चालतो, पण त्यातला मोठा भाग ‘आत्ताच तर जेवलो’ या आठवणीचा असतो, ती पुसली गेली की माणूस खरोखरच उपाशी. म्हणजे आई खोटं बोलत नव्हती. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘काकूंना पण वाचून दाखव.’

उपाय म्हणून आम्ही एका जेवणाची दोन जेवणं केली, अर्धं अकराला आणि अर्धं साडेबाराला. शिवाय मी शक्कल काढली, जेवण झाल्यावर तिचं खरकटं ताट तासभर समोर तसंच ठेवायचं. ती म्हणाली मला दिलं नाही, की बोट दाखवायचं, हे काय गं, हे तुझंच. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी म्हणाली, ‘कोणाचं उष्टं माझ्यापुढे आणून ठेवलंय? इतकी का मी जड झाल्ये?’ ताट उचललं ते परत कधी ठेवलं नाही.

पुढे उलटं झालं. मागायची बंदच झाली. ताट समोर, ती बसलेली, हात मांडीवर. स्टीलचं ताट, त्यात दहीभात, वर ट्यूबलाइट. मी दोन-तीनदा तिच्या जागी बसून बघितलं तर खरंच, ट्यूबलाइटची पट्टी ताटात चमकत होती आणि पांढरा भात त्या चकाकीत गायब. डोळे चांगले असले तरी या आजारात मेंदूला कडा कळेनाशा होतात, पांढऱ्यावरचं पांढरं दिसत नाही. बोस्टनच्या संशोधकांचा २००४ चा एक पेपर आहे, आजार पुढे गेलेल्या नऊच पेशंटांवरचा, म्हणजे तसा छोटाच, पण पांढऱ्या ताट-पेल्याऐवजी भडक लाल दिल्यावर ती माणसं जेवण पाव हिश्शाने जास्त जेवली आणि पाणी-दूध तर चौऱ्याऐंशी टक्के जास्त प्यायली. मी त्याच संध्याकाळी स्टेशनजवळून लाल प्लास्टिकचं ताट घेऊन आलो. आईने ते हाताने लांब सरकवलं. ‘हे मोत्याचं ना?’ मोत्या म्हणजे गावचा कुत्रा. शुद्ध होती की नव्हती मला माहीत नाही, पण टोमणा अचूक होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात केळीची पानं दिसली. हिरव्यागार पानावर पांढरा भात, याहून जास्त काँट्रास्ट काय पाहिजे, आणि हे माझ्या आधीच का डोक्यात आलं नाही याची लाजही वाटली, बोस्टनपर्यंत जाऊन परत यायला लागलं. पान मांडलं, भात वाढला, आई वाकून बघायला लागली. ‘आज कोणाचं आहे?’ तिला वाटलं श्राद्ध. मी म्हटलं कोणाचं नाही गं, सहज. मग तिने पानाचं टोक उजवीकडे होतं ते पान अख्खंच्या अख्खं फिरवून डावीकडे केलं, आणि मी उजवीकडे वाढलेली चटणी बोटाने ओढत ओढत डाव्या बाजूला नेली. मीठ मध्ये वरती, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. जिला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही ती डावी-उजवी विसरली नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही नका हो मध्ये येऊ.’

तेव्हापासून पानच. रोज नाही मिळत, मग एक गडद हिरव्या रंगाचं मेलामाइनचं ताट आणलं, ते तिला चालतं.

चमच्याचं प्रकरण वेगळंच. मावशी चमच्याने भरवायच्या, कारण त्यांना तसंच शिकवलेलं आणि हात पण भरत नाहीत. आई चमचा दातात पकडून ठेवायची, सोडायचीच नाही, किंवा तोंड घट्ट मिटून घ्यायची. मला वाटलं हट्ट. नंतर एका स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं आम्हाला, आणि मी तर रिसेप्शनवर विचारलं होतं की अहो आई बोलते की व्यवस्थित, गिळण्याचा त्रास आहे, इथे कशाला? तर गिळणं हे त्यांचंच खातं असतं, हे मला त्या दिवशी कळलं, बहुतेकांना माहीत नसतं म्हणून लिहून ठेवतोय. त्या बाईंनी आईला दहा मिनिटं नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, ‘यांनी आयुष्यात चमच्याने भात खाल्लाय का कधी?’ नाही. ‘मग आता का खातील?’

त्यांनी मला हात शिकवला. आईच्या समोर बसायचं नाही, उजव्या अंगाला, तिच्याच दिशेला तोंड करून, तिच्याच उंचीवर बसायचं. माझा तळवा तिच्या तळव्याखाली. वरून मनगट पकडून हात ओढला की माणूस झटका देऊन हात काढून घेतो, आपणही काढू, पण खालून आधार मिळाला तर तिचा हात वरच राहतो, हात तिचाच असतो, मी फक्त वजन उचलतो. पहिला घास असा दोघांनी मिळून उचलला, दुसराही, आणि तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की कोपर आपोआप वळतंय, बोटं आपोआप जुळतायत, अंगठा मागून घास पुढे ढकलतोय. घास कसा करतात हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हाताला येत होतं. जुन्या सवयींचं सामान मेंदूत वेगळ्या फळीवर ठेवलेलं असतं म्हणे आणि तिथवर हा आजार उशिरा पोचतो.

त्यातही गंमत अशी की कालवायला लागली की कालवतच बसायची. भात, वरण, तूप, चार बोटं गोल गोल, शांतपणे, पाच मिनिटं, दहा मिनिटं, तिला तिथून पुढच्या स्टेशनला जाता यायचं नाही. आधी मी ‘आई खा ना’ ‘आई खा आता’ असं टाळ्या वाजवल्यासारखं करायचो, त्याने ती दचकायची. आता नुसतं कोपराला खालून जरासं उचलतो. बोलणं जितकं कमी तितकं बरं. टीव्ही बंद, मोबाइल आतल्या खोलीत, आणि मुख्य जेवण अकराला, कारण संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर तिला जे काय व्हायला लागतं, उठबस, घरी जायचंय, गुरं आली का, त्यात जेवण होत नाही. रात्री फक्त पेज.

काय खाते विचारलं तर ती नेहमी फणसाची भाजी म्हणते. दुधी असो, भोपळा असो, पडवळ असो, ‘फणसाची छान झाल्ये.’ डिसेंबरात कुठला फणस. यावर मला एक जुनी नोंद सापडली होती, ती मी बऱ्याच जणांना ऐकवून झालोय. अल्झायमर या डॉक्टरच्या पहिल्या पेशंट बाई, ऑगस्टे, १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलात आल्या, वय अवघं एक्कावन्न. दुपारच्या जेवणात त्या फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होत्या, डॉक्टरने विचारलं, काय खाताय? त्या म्हणाल्या, पालक. डॉक्टरने ते तसंच लिहून ठेवलं. पुढे १९०६ मध्ये त्यांनी ट्यूबिंगेनला या केसवर व्याख्यान दिलं आणि आजाराला नाव मिळालं वगैरे ते नंतरचं. मूळ कागद गहाळ झाले होते, ते १९९५ ला फ्रँकफर्टमध्येच सापडले. या सगळ्या इतिहासातला मला तो पालकच लक्षात राहतो. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी जेवणाऱ्या बाईजवळ बसून तिला काय चाललंय ते विचारत होतं. आपल्या देशात २०२३ च्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. आमच्या सोसायटीत आमच्याशिवाय दोन घरं मला माहीत आहेत. तिथे पण रोज दुपारी कोणीतरी पालकच खात असणार.

गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला. जेवणातलं काहीतरी श्वासनलिकेत गेलं. ठसका लागला असता तर कळलं असतं, पण तो लागलाच नाही, पुढे पुढे खोकून बाहेर टाकायची शक्तीही जाते म्हणे. हॉस्पिटलात नाकातून नळी घातली, ती तिने दोनदा उपसली, मग हात कॉटला बांधले. ते बांधलेले हात मी बघितले, आणि त्याबद्दल इथे जास्त लिहायची माझी तयारी नाही. भाऊ न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर, त्याचं म्हणणं पोटातूनच कायमची नळी बसवून टाकू, निदान उपासमार तर होणार नाही. त्याचंही बरोबर, लांबून नळी म्हणजे सेफ वाटते. डॉक्टरांशी तीन वेळा बोललो. त्यांनी नीट सांगितलं की तात्पुरत्या आजारात नळी कामाची असते, पण स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात तिने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, न्यूमोनियाही थांबत नाही कारण लाळ तर श्वासनलिकेत जातच राहते, आणि अमेरिकेतल्या जेरियाट्रिक डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ साली सरळ म्हटलंय की अशा पेशंटला नळी सुचवू नका, काळजीपूर्वक हाताने भरवा. हे मी भावाला पाठवलं. तुझ्याच देशातलं आहे म्हटलं. दोन दिवस तो काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘तू देणार आहेस ना? मग ठीक आहे.’

घरी आल्यावर नियम झाले. पलंगावर पडून जेवण नाही, खुर्चीत ताठ, पाय जमिनीला टेकलेले. हनुवटी किंचित खाली, आणि हे फार महत्त्वाचं, भरवणारा उभा राहिला की जेवणारा वर बघतो आणि घसा उघडा पडतो, म्हणून आपण बसायचं. घास लहान, गिळल्याचं गळ्याला दिसल्याशिवाय दुसरा नाही. शेवटी गालात काही साठवलंय का ते बघायचं, आई साठवते, एकदा तासाभराने गालातून अख्खी भेंडीची फोड निघाली. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. शेंगदाणे, कुरमुरे, चणे बंद. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते पाण्याचं. मी समजत होतो पाणी म्हणजे सोपं. पाणीच सगळ्यात अवघड, पातळ आणि चपळ, घसा सावध व्हायच्या आत उतरतं. केमिस्टकडे घट्ट करायची पावडर मिळते, महाग असते, आम्ही ती वापरतोही, पण थेरपिस्ट बाई म्हणाल्या की घरात पेज करता ना, ती चांगली घोटून, मध्ये शित न ठेवता द्या, नाचणीची आंबील द्या. कोकणातल्या माणसाला घट्ट पातळ पदार्थ शिकवायला नकोत.

त्याच बाईंनी एकदा विचारलं, ‘आईंना आवडतं काय?’

मी गप्प. वडलांना काय आवडायचं ते मला पाठ होतं, कुळथाचं पिठलं, वरून कच्चं तेल. काकांना सांदणं. मला आणि भावाला काय आवडायचं ते तर आईच रोज म्हणायची. तिला काय आवडायचं? बायकोला विचारलं, ती म्हणाली, ‘त्या कधी बोलल्याच नाहीत.’ शेवटी तिच्या धाकट्या बहिणीला, रत्नागिरीच्या मावशीला फोन केला. मावशी पटकन म्हणाली, ‘अक्काला ना, भाताची खरवड आवडायची. तळाला लागलेली. ताकात भिजवून खायची.’ फोन ठेवला आणि मग मला बसल्याजागी कळलं की खरवड आवडायची म्हणजे काय. पंधरा-सोळा माणसांचं घर, ती सगळ्यात शेवटी बसायची, तेव्हा पातेल्यात खरवडच राहिलेली असायची. आता ते आवडणं होतं की राहिलेलं गोड मानणं होतं, हे कुणाला विचारणार? जिला विचारायचं ती मला भाऊजी म्हणते.

आणि तरीसुद्धा दाराचं मला कळलं नव्हतं. बघा किती जाड कातडी असते.

त्या आठवड्यात ती काहीच खात नव्हती. हात धरून झाला, पान मांडून झालं, भाजीवर गूळ भुरभुरून झाला, या आजारात गोडाची ओढ राहते आणि तिला शुगर नाही म्हणून ते चालतं, डॉक्टरांनी भूक मारणारी एक गोळीही बंद करून बघितली. तोंड मिटलेलं. मी थकलो होतो, रात्री तीनदा उठून झालं होतं, आणि मी तिचे गाल दोन बाजूंनी दाबले. घास आत ढकलला. आईने डोळे मिटून घेतले आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, ‘मारू नका हो. खात्ये मी.’

मी मारलं नव्हतं. मारणारच नव्हतो. पण ती हे कुणाला म्हणाली? मला, भाऊजींना, वडलांना, आजोबांना? त्या घरात कुणी तिच्यावर कधी हात उगारल्याचं मी बघितलेलं नाही. म्हणजे मी बघितलेलं नाही एवढंच. आमच्या घराचे मी इतकी वर्षं गोडवे गायलेत, अंगण, ओटी, माजघर, चुलीवरचा भात, आणि आता मला ते माजघर आठवलं की त्यात एक मिटलेल्या डोळ्यांची बाई बसलेली दिसते. मी घास तिच्या तोंडातून बोटाने काढून घेतला. हात धुऊन आलो. बराच वेळ आम्ही दोघे तसेच बसून होतो, तीही दाराकडे बघत, मीही.

मग तिनेच विचारलं. ‘भाऊजी, कोण राहिलंय जेवायचं?’

लोक म्हणतात, आता आई तुझं लेकरू झालंय. चांगल्या मनाने म्हणतात, मला पटत नाही. लेकराला भूक लागली की ते रडतं. घरातलं कोण जेवायचं राहिलंय याचा हिशोब लेकराच्या डोक्यात नसतो. ही बाई उपाशी बसली होती ती बायकांच्या पंगतीच्या आधी स्वतःचं पान घ्यायचं नसतं म्हणून. तिच्या लेखी ओटीवरचे पुरुष अजून उठले नव्हते, गडी शेतावरून यायचे होते, आणि मी, म्हणजे भाऊजी, न जेवता समोर बसून तिला भरवत होतो. कशी खाईल?

मी स्वयंपाकघरातून माझं पान घेऊन आलो. तिच्या शेजारी बसून भराभर चार घास खाल्ले, तिला दिसेल असे. मग आयुष्यात पहिल्यांदा आईला वहिनी म्हटलं. ‘वहिनी, मी जेवलो. दादा जेवले. तात्या जेवले, आजी फराळाचं घेऊन आत गेल्या. पोरं जेवून खेळायला गेली. गड्यांना पडवीत वाढलं.’ ती ऐकत होती, मान हलवत होती, जशी बँकेत कॅश टॅली होताना आमचा जुना हेड कॅशियर हलवायचा. ‘गोग्रास?’ घातला. ‘मोत्या?’ त्याला पण भाकरी घातली. मग तिने दारावरची नजर काढली आणि पानाकडे बघितलं.

तेव्हापासून हे रोजचं आहे. सगळी मेलेली माणसं, एकेक करून जेवू घालायची, मग आई. कुणाला वाटेल मी खोटं बोलतो. बोलतो. थेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि वहीत लिहून घेतलं. बायकोला सुरुवातीला चमत्कारिक वाटलं, आता मी नसलो तर तीही म्हणते, फक्त ती यादीत बायकांची नावं आधी घेते, मुद्दाम, आजी, आत्या, मग पुरुष. आई दर वेळी दुरुस्त करते.

परवाचं सांगतो. यादी संपली, गोग्रास झाला, मोत्या झाला, तरी ती दाराकडेच बघत होती. मला वाटलं कोणीतरी राहिलं. परत पहिल्यापासून म्हटलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘आणि ती?’

‘ती कोण, वहिनी?’

तिला नाव सापडेना. हाताने वाढल्यासारखं केलं, पळी धरून, वाकून, एका पानापुढून दुसऱ्या पानापुढे. ‘ती नाही का हो. सगळ्यांना वाढत असत्ये ती.’

मला काही सुचलं नाही पटकन. मग म्हटलं, ‘ती बसत्ये आता. हे तिचंच पान आहे.’

आईने पान निरखून बघितलं. चटणी डावीकडे आहे, भाजी उजवीकडे आहे. मग माझ्याकडे बघितलं, जरा नाराजीनेच.

‘तूप कमी वाढलंत तिला.’

मी उठून तुपाचं भांडं आणलं.